पंचवीस लिटरचा न्याय

भांडण जिंकलं तर पंचवीस लिटर पेट्रोलचे पैसे वाचणार होते, म्हणून देल्फीनने बोलिव्हियाच्या सीमेवरच्या याकुइबा गावातल्या पंपावर बाह्या सरसावल्या. गाडीची टाकी साठ लिटरची आणि पंपाचा काटा पंच्याऐंशीवर.

"उरलेलं सासऱ्याला पाजलंस काय गं?"

पंपवाली सुल्मा हळूच म्हणाली, "काका, गाडी सीमेवरून जुनी घेतलीत ना? मग पैसे द्या आणि गुपचूप निघा."

"गुपचूप चोर निघतात. विकणाऱ्याने भरून दिलेल्या एका टाकीत मी कंपनीच्या आकड्यापेक्षा दोनशे किलोमीटर जास्त काढलेत. पाय हलका लागतो त्याला. मी वाचवायचं आणि तू खायचं?"

"अहो, द्या ना पैसे," गाडीतून बायको, एर्मिनिया, म्हणाली. त्यासरशी त्याने पहाऱ्यावरच्या शिपायालाच हाक मारली.

शिपायाने गाडीखाली शिरून ठोकून पाहिलं. सीमेपलीकडे चोरून पेट्रोल नेणाऱ्या कुणीतरी मूळ टाकीला दुसरी टाकी जोडली होती.

"पंप चोख आहे," कपडे झटकत तो म्हणाला आणि किल्ली मागितली.

हिशेब असा मिटला: पेट्रोलचे पैसे देल्फीनने भरले, पेट्रोल गाडीसकट सरकारजमा झालं आणि घरी जायच्या बसची दोन तिकिटं एर्मिनियाने काढली.