डावीकडची गोदावरी

अकोल्याच्या फूलबाजारात माणिकबाई हार गुंफायची, पण तिचा डावा डोळा कायम शेजारच्या गोदावरीच्या गिऱ्हाइकांवर. वरची दाढ ठणकू लागली तरी ती डॉक्टरकडे जाईना. "मी उठली का थे सटवी माही सारी गिऱ्हाइकं पयवते!" म्हणत लवंग चावत राहिली. गाल सुजला, पू वर चढला आणि डावा डोळा कायमचा गेला.

महिन्यानं ती परतली, तर तिच्या जागेवर गोदावरी!

"बसलीच ना माह्या जागेवर?"

"तुही गिऱ्हाइकं तुटू नये म्हणून बसली वं बाई. माही जागा महिनाभर रिकामीच हाय."

गोदावरी उठून आपल्या जागी गेली. तिला पाहायला माणिकबाईला अख्खं तोंड वळवावं लागलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.