गाळलेला आवाज

या, थोडं पुढे सरकून बसा. गोष्ट लहान आहे, पण काळजाची आहे.

“काका, परत वेल्डिंग केलंत ना?” पडद्यावरच्या काटेरी रेघांवर बोट ठेवून हेसुकने विचारलं.

कोरियातल्या उल्सानच्या इस्पितळातली ती तंत्रज्ञ. समोर बसलेल्या प्योच्या छातीत यंत्र होतं. हृदय बेफाम धावू लागलं की ते झटका देऊन त्याला ताळ्यावर आणी. पण वेल्डिंगसारख्या विजेची खरखर मध्ये शिरली, तर तिलाच ठोके समजून नाहक झटका देई. महिन्यात तीनदा तसं झालं होतं.

“गोदी सोडून दोन वर्षं झाली,” प्यो म्हणाला. “बागेत झाडावरच्या नाशपातींना कागदी पिशव्या बांधत होतो. हात वर केला की बसतो दणका. तुमचं यंत्र माझ्या बायकोवर गेलंय, बाई. न केलेल्याचीही शिक्षा देतं.”

हेसुक हसली, पण तिला पटलं नाही. जहाजं जोडणारे म्हातारे तिला ठाऊक होते. निवृत्त होतात आणि चोरून शेजाऱ्यांची फाटकं जोडतात. तिचे वडील त्यातलेच.

“खोटं बोलून झटके थांबत नाहीत, काका.”

तिने यंत्राची गाळणी कडक केली. आता ती खरखर यंत्राला ऐकूच जाणार नव्हती. प्यो उठला, कमरेत वाकला. “पुढच्या खेपेला पुरावाच आणतो,” म्हणाला.

पुढच्या खेपेला त्याची बायको एकटीच आली. प्यो बागेत शिडीखाली निष्प्राण सापडला होता. देहातल्या यंत्राची नोंद हेसुकने वाचली होती. हृदय खरोखरच बेफाम धावलं होतं, आणि यंत्राने ते खरखर समजून गाळून टाकलं होतं. प्योने चोरून वेल्डिंग केलं नसतं तर गाळणी लावावी लागली नसती, असं ती दोन दिवस मनाला समजावत होती.

बायकोने गाठोडं सोडलं. आत वेल्डिंगचा मुखवटा होता.

“हा तुम्हाला दाखवणार होते. म्हणायचे, बाईंना पटेल.”

मुखवट्याच्या काचेवर कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. ते वाळून दगड झालं होतं.

हेसुकने जुन्या नोंदी पुन्हा उघडल्या. खरखर बाहेरची नव्हतीच. यंत्राला हृदयाशी जोडणारी, प्योच्या छातीतली तार तुटत आली होती. हात वर केला की तिची टोकं घासत. ती तपासायला पाच मिनिटं पुरली असती.

देवापुढे हात जोडाल तेव्हा प्योची आठवण ठेवा. तो खरं बोलत होता.