फ्रिजवरची ऊब
सासूबाई गेल्या आणि थंडी पडली. सासरे रोज उठल्याउठल्या विचारायला लागले, “आली का?” हे मला म्हणाले, “त्यांचं बोलणं खोडू नकोस, वय झालंय.” म्हणून मी पडदा सारता सारता म्हणायची, “येतील हं, बाबा.” खिडकीबाहेर धुकं तरंगत असायचं. ते निवांत व्हायचे आणि फ्रिजवरचा पत्र्याचा डबा चाचपून यायचे. जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला; आत सुटे भाग असतील, असं मला वाटायचं. आज त्यांनी डबा माझ्यापुढे धरला. “बघ गं, दिसत नाही, बोटाला काहीतरी लागतंय.” ओल्या मातीत दोन वाकलेले कोंब, डोक्यावर बियांच्या टोप्या. “तिने राखलेलं मिरचीचं बी. फ्रिजवर ऊब असते.” मी डबा खिडकीपाशी उजेडात नेला. “महिना झाला, फेकूनच देणार होतो,” ते म्हणाले, “पण तू रोज ‘येतील’ म्हणायचीस, म्हणून पाणी घालत राहिलो.”