सुधारित जमावबंदी

गावात जमावबंदी असताना शेताच्या धुऱ्या-बांधावरून भांडण पेटलं आणि चौघांनी कुऱ्हाडीच्या दांड्याने इंद्रभानचा हात मोडला.

"बंदी पाच जणांच्या जमावाले हाय, बाई. हे तं चारच व्हते," ठाणेदार त्याच्या बायकोला म्हणाले.

"चौघांनी मोडलेलं हाड आपोआप जुळते काय, साहेब?" चांगुणाने विचारलं.

प्रश्न वर गेला. आपलाच आदेश बदलण्याचा अधिकार उपविभागीय साहेबांना कायद्यानेच दिलेला आहे. त्यांनी तो वापरून पाचाचे चार केले.

दुसऱ्या दिवशी तिघंच आले. त्यांनी इंद्रभानचे दोन्ही पाय मोडले आणि निघून गेले.

 

सुधारित आदेशाखाली पहिली अटक इंद्रभानची झाली. या वेळी त्यालाही मोजलं; जमावातला चौथा तोच होता, आणि पळालाही नव्हता.