भर अंगणातून फरार

पॅरोलवर घरी आलेल्या कौतिकाच्या पायातला तुरुंगाचा पट्टा भर अंगणात बोंबलला, "कैदी फरार!" आणि कैदी तर लेकीचे हात धरून नागपंचमीची फुगडी घालत होती.

छातीची धडधड वाढली की माणूस पळायच्या बेतात आहे, असं कुणा शहाण्याने त्या यंत्राला शिकवलं होतं. बोंब उठली की पॅरोल रद्द. कुणी जिना चढला, कुणी बायकोशी भांडला, यंत्र ओरडलं, आणि तुरुंगाच्या धास्तीने ती माणसं मग खरोखर पळाली. सरकार म्हणालं, बघा, यंत्र कधी चुकत नाही!

"आई, पळ!" लेक रडायला लागली.

"का म्हणून? फुगडी घातली, दरोडा नाही!" कौतिका जागची हलली नाही.

पोलिसांच्या जीपमधून शेंडगे मॅडम उतरल्या. "बस गाडीत. यंत्र खोटं बोलत नाही."

"मग एक पट्टा तुमच्या पायात घाला, अन् माझ्यासंगं फुगडी घाला. तो गप्प राहिला तर मी मुकाट येते."

बायका फिदीफिदी हसल्या. मॅडम इरेला पेटल्या. जीपमधला नवा पट्टा पायात चढवला, टोपी काढली, आणि दोघी गरगरल्या.

"कैदी फरार!" मॅडमचा पाय बोंबलला. लगेच फोनवर साहेब ओरडले, "शेंडगे, आणखी एक पळाला!"

"कुणी पळालं नाही, साहेब," मॅडम धापा टाकत म्हणाल्या. "तो कैदी मी आहे. कौतिकाबाईही इथंच आहेत, आणि इथंच राहतील."

अंगणात एकच जल्लोष झाला. कौतिकाने पुन्हा हात पुढे केले. "पळू नका हं, मॅडम. पळालात की यंत्राचं खरं होतं."