काळा कोट

ड्युटीवर घरचं कुणी आलं तर नोकरी गेली, असं हॉटेलातल्या दुकानाच्या मॅनेजरनं मला पहिल्याच सकाळी बजावलं. दुपारी बाबा आले. जयपूरच्या एवढ्या मोठ्या हॉटेलात कोट हवाच, म्हणून रेल्वेतल्या ड्युटीचा, टीसीचा काळा कोट घालून. मला शिकवल्याप्रमाणे मी हात जोडले, “खम्मा घणी, सर.” बाबांनी अनोळखी चेहऱ्यानं साबण मागितला. तेवढ्यात मॅनेजर आला. कोट दिसताच त्याचा हात आपोआप खिशात गेला. फुलेरा-जयपूर रेल्वेचा मासिक पास पुढे आला. बाबांनीही तो तपासला. “परसों खत्म हो रहा है, बेटा.” “जी, सर.” मग बाबांनी काउंटरवर डबा ठेवला. “मॅडम घर पे भूल गयी थीं.” मॅनेजरनं विचारलं, “किसके घर?” बाबांना खोटं जमत नाही. “मेरे.” “घरवाले मना हैं,” तो मला म्हणाला, “रेलवेवाले नहीं. पीछे बैठकर दोनों खा लो.”