शून्य कुठे लावलंत?

गल्लोगल्ली हवेतला कोंदटपणा मोजत फिरणाऱ्या काकांच्या यंत्राची जाळी साफ झाली, सेल बदलून झाले, तरी आकडा शून्याखाली दडी मारून बसलेला. दुरुस्तीवाली मेटाकुटीला आली.

"काका, याचं शून्य कुठे लावलं होतंत?"

"घरी. तुझ्या काकूच्या उशाशी."

"बंद खोलीत? अहो, शून्य मोकळ्या हवेत लावायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना मला! दोन माणसांच्या श्वासांनी कोंदलेली हवा यानं शून्य धरली. मग बाहेर उणे दाखवणारच की."

"शेवटचे दिवस होते तिचे. दारापर्यंत जायचाही धीर होईना."

दुरुस्तीवाली वरमली. "आता त्या खोलीत एकटेच असता. म्हणजे तिथेही एका श्वासानं कमीच दाखवत असेल. थांबा, नव्यानं शून्य लावून देते."

"तिथे नाही दाखवत कमी," काका हळूच म्हणाले. "दार लावून बसलो, की बरोबर शून्यावर येतं."

तिचं बोट बटणावरच थबकलं. काकांनी यंत्र अलगद तिच्या हातातून काढून घेतलं.

"शून्य राहू दे गं. हे बिघडलेलं नाही ना, तेवढं फक्त सांग."